तूप-दुधाचा पेला

कॉटनपेटच्या मागे आमची गल्ली. तिथं रक्षिताच्या हातचे कुच्चू नावाजलेले. कुच्चू म्हणजे साडीच्या पदराला बांधतात ते रेशमी गोंडे. चिकपेटेतले साडीवाले तिच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे पाठवायचे, कारण तिची गाठ धुण्यात सुटत नसे. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मात्र एका दुकानातून गठ्ठा परत आला. गाठी सैल होत्या. रक्षिताने निरोप धाडला, "दिवस भरत आलेत, बोटं सुजलीत." बोटं सुजली नव्हती. बोटं थरथरत होती, आणि ती तिला कुणाला दाखवायची नव्हती.

तिला भीती होती भुलीची. पहिलं मूल पोट कापून झालेलं, दुसरंही तसंच होणार हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलेलं. कापण्याची भीती नव्हती तिला. "कापलेलं शिवता येतं अक्का," ती मला म्हणाली, "पण भूल दिली की आपण जिथं जातो ना, तिथनं परत यायचं आपल्या हातात नसतं." मला वाटलं, भित्री आहे पोर. भीती होती ती खरीच. पण भीतीच्या खाली आणखी काही होतं आणि ते भीतीपेक्षा जड होतं.

गल्लीला जी गोष्ट ठाऊक होती ती आधी सांगते.

रक्षिताचा नवरा रणजीत मिलिटरी हॉटेलात बिर्याणीच्या डेगचीवर उभा असतो. मिलिटरी हॉटेल म्हणजे आम्हा मराठ्यांची मटणाची खानावळ. आमचे वाडवडील तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या कानडी मुलखात आले. फौज गेली, मटण राहिलं. रणजीत उंच, तोंडाळ, मनाने चांगला आणि डोक्याने तापट. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला कळा लागल्या तेव्हा जवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेली. पोरगी धड निघाली, पण आई भुलीतून उठेना. छाती भरली, श्वास लागेना, अंग निळं पडलं. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवून नळ्या लावल्या. भूल देणारे डॉक्टर बिंदुमाधव बाहेर येऊन विचारायला लागले, "हिने काही खाल्लं होतं का?" घरच्यांना वाटलं, हा स्वतःची चूक आपल्या माथी मारतोय. दुसऱ्या दिवशी रणजीतने डेगचीच्या बुडाची काजळी खरवडली, तेलात कालवली, सोबतीला गल्लीतली माणसं घेतली आणि नर्सिंग होमच्या पायरीवर त्या डॉक्टरच्या तोंडाला ती फासली. डॉक्टर स्कूटरवर बसले आणि तसल्या तोंडाने, भर बाजारातून, घरी गेले.

या गोष्टीवर रणजीतने चार वर्षं काढली. हॉटेलात बसल्या बसल्या कुणीतरी म्हणायचं, "रणजीतअण्णा, ते काजळीचं सांगा की." मग रणजीत पळी हातात धरून सगळं करून दाखवायचा, डॉक्टरचे डोळे कसे पांढरे दिसत होते तेसुद्धा. रक्षिता मागच्या दारी कांदे निवडत असली तर गोष्ट सुरू झाली की उठून घरी जायची. लोक म्हणायचे, बिचारीला आठवण सोसत नाही.

आता खरं काय झालं होतं ते. मला ते पुढे कळलं, पण तुम्हाला आधी सांगते. मी बावळट ठरले म्हणून तुम्हीही ठरावं असं काही नाही.

रक्षिताची आई सकवारबाई. तिच्याकडे एक पितळी पेला आहे, आईकडून आलेला. त्यांच्या घराण्यातल्या लेकीला कळा लागल्या की माहेरच्या हातचं गरम दूध, वर तूप, त्या पेल्यातून पाजायचं. तुपाने वाट मोकळी होते, मूल घसरून येतं, असं ते मानतात. त्या दिवशी नर्स बजावून गेली, मुलाचे ठोके मंदावलेत, कापावं लागेल, तोंडात पाण्याचा थेंब घालू नका. सकवारबाई पेला डब्यात बसवून घेऊनच आली होती. मोरीच्या दाराआड लेकीला उभं केलं आणि म्हणाली, "पी. उपाशी बाई जोर कुठनं लावणार? तो डॉक्टर काय कधी बाळंत झालाय?"

रक्षिताला तूप आवडायचं. तिने सगळा पेला संपवला. तळाला राहिलेलं तूप बोटाने पुसून चाटलं. हे चाटलेलं तिने मला कितीतरी उशिरा सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडावर घेतला.

मग भूल देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, हिने काही खाल्लं-प्यायलंय का. सकवारबाईनेच उत्तर दिलं, "अण्णम्मा देवीची आण, पोरीच्या पोटात कालपासनं काही नाही." डॉक्टर रक्षिताकडे वळले. रक्षिताने मान डोलावली. तोंडावर रबराचा वास आला, डोळे जड झाले, आणि जाता जाता घशाशी काहीतरी कोमट वर आलं. तुपाची चव होती. खोकायला गेली तर खोकला आलाच नाही. ती चव तिच्या जिभेवर चार वर्षं होती. घरात कुणी तूप कढवायला घेतलं की ती मुलीला उचलून बाहेर जायची.

ती बोलण्याजोगी झाली तोवर काजळी फासून झाली होती. रणजीत खाटेशी बसून म्हणाला, "तुझ्यासाठी फासलं बघ." त्याच्या नखांत अजून काळं होतं. आता हिने काय सांगायचं? तिने डोळे मिटले.

तर शहाण्णव साली पंचाईत अशी झाली. आमच्या पेटांमधल्या, म्हणजे बाजारपेठांमधल्या, लहान दवाखान्यांत भूल देणारा डॉक्टर घरचा नसतो. फोन गेला की स्कूटरला बॅग अडकवून येतो, आपलं काम करतो, पुढच्या दवाखान्याला निघतो. अशी माणसं थोडी, आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. डॉक्टरीणबाईंनी एकाला फोन केला, तो गावाला जाणार होता. दुसऱ्याने तारीख विचारली, मग आडनाव विचारलं, मग म्हणाला, ते काजळीवाले का? नको हो. तिसऱ्याच्या बायकोनेच फोन ठेवला.

"मी काय करू?" डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या. "मागच्या वेळी नेमकं काय बिघडलं ते कुणालाच ठाऊक नाही. हिला औषध मानवत नसेल तर एक तऱ्हेने जपावं लागतं, दुसरं काही असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. अंधारात कोण हात घालणार? तुम्ही बिंदुमाधवांनाच जाऊन विचारा. आणि तेच यायला तयार झाले तर सोन्याहून पिवळं."

माझं डोकं फिरलं. मी या गल्लीत राहायला आले ती काजळीच्या नंतर. पण गोष्ट पाठ होती, आणि दवाखान्यांशी भांडण्यात माझी अर्धी हयात गेलीय. मी म्हटलं, एकाने पोरीला मरणाच्या दारी नेली आणि बाकीचे त्याच्या बाजूने दारं लावून बसलेत. चल, त्याच्या तोंडूनच कबूल करून घेते.

रणजीत भडकला. "त्याच्या दारात माझी बायको पदर पसरणार? अक्का, तुम्हाला रस्त्यावर ओरडायची सवय आहे, ओरडा. माझ्या घरात नको."

"मग तू दे भूल. डेगचीचं झाकण मार डोक्यात."

"मी एकटीच जाते," रक्षिता म्हणाली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं जसं काही पाटा-वरवंटा बोलला.

बिंदुमाधव आता यशवंतपूरला एका ट्रस्टच्या इस्पितळात नोकरीला होते. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून बस धरली. एका कंडक्टरने पोटाकडे बघून तिला बसायला जागा करून दिली आणि ती खिडकीशी बसून माझा हात धरून म्हणाली, "अक्का, तिथं तुम्ही बोलू नका हं."

"मग कोण बोलणार? तू?"

तिने माझा हात आणखी घट्ट धरला. मला तो होकार वाटला नाही.

डॉक्टर ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात. आम्ही कोण ते सांगितल्यावर ते उठले, दारापाशी गेले आणि दार सताड उघडं ठेवून त्याला खुर्ची लावली. "उघडंच असू दे," म्हणाले. मग बाहेर वऱ्हांड्यात डावी-उजवीकडे पाहून आले. आमच्या मागे आणखी कुणी नाही याची खात्री झाल्यावर बसले. धारवाडकडचे, त्यामुळे मराठी त्यांना कळत होतं. बोलत मात्र कानडीत होते.

मी सुरू केलं. गरिबाची बाई म्हणजे तुम्हाला शिकायला मिळालेलं मांस का, तुमच्या हातून झालेलं तुम्ही झाकलंत आणि आता तुमचे भाईबंद हिला वाळीत टाकतात, असं पुष्कळ. ते पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"झालं? माझं चुकलं काय तेवढं सांगा, म्हणजे तेही ऐकतो."

"भूल जास्त दिलीत."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे आत होते?"

मी आवाज चढवला. रक्षिता माझा पदर ओढत होती. मला वाटलं, घाबरलीय. मी तिचा हात झटकला. तेवढ्यात ती काहीतरी बोलली. टेबलाच्या काचेकडे बघून. मला ऐकू आलं नाही, मी बोलतच होते. मग ती तेच पुन्हा बोलली, या वेळी कानडीत, डॉक्टरांच्या कानी नीट पडावं म्हणून.

"मी दूध प्यायले होते."

माझं वाक्य तोंडातच राहिलं.

डॉक्टरांनी टोपण लावलं. "कधी?"

"तुमच्या आधी थोडंच."

"किती?"

तिने हाताने पेल्याची उंची दाखवली.

"नुसतं दूध?"

"तूप घातलेलं."

"मी विचारलं होतं."

"हो."

"तुझ्या आईला विचारलं, मग तुला विचारलं."

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या ओठाला तकाकी होती. मी पाहिली. मला वाटलं, कसलंतरी मलम लावलंय. चार वर्षं मला तो ओठ आठवतोय, आणि चार वर्षं मी त्या औषधांची मापं मनात पुन्हा पुन्हा मोजतोय. कुठे हात जास्त पडला? माझ्याच हाताचा मला भरवसा राहिला नाही. पेटेतले दवाखाने सोडले. बायको म्हणायची, काजळी पुसली ना, विसरा आता. काजळीचं काय, ती साबणाने जाते." त्यांचा आवाज फाटला, रागाने. "आणि तू जिवंत होतीस. गल्लीत फिरत होतीस. तुला ठाऊक होतं."

"हो," रक्षिता म्हणाली. आईचं नाव तिने घेतलं नाही. आण कुणी घेतली तेही तिने काढलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं अर्धं राहिलं. बोला की."

मला राग आला, आणि तो ठेवायला जागा नव्हती. तरी मी मी आहे. म्हटलं, "पाणी पिऊ नको एवढंच सांगतात. का पिऊ नको, हे कुणी सांगितलं होतं हिला? आमच्या बायकांना कारण सांगितलं की तुमची जीभ झिजते?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. "नाही सांगितलं," म्हणाले. "वेळ नव्हता. सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तरी प्यायले असते," रक्षिता म्हणाली. "अक्का, तुम्ही माझी बाजू घेऊ नका. मला आणखी मेल्यासारखं होतं."

त्यानंतर मी खरंच गप्प बसले.

मग त्यांनी तिला कारण सांगितलं, चार वर्षं उशिरा. भरल्या पोटी झोपवलं की पोटातलं वर येतं आणि अन्ननळीऐवजी श्वासाच्या वाटेने छातीत उतरतं. त्यात तूप म्हणजे फुप्फुसाला लेप. या वेळी पाठीत सुई देऊ, कमरेखालचं बधिर होईल, तू जागी राहशील. "पण पाठीतली भूल कधीकधी पुरेशी चढत नाही, मग झोपवावंच लागतं. तेव्हा कशाला भ्यायचं ते मला ठाऊक पाहिजे. दुसरा कुणी औषधाला भीत बसला असता आणि तुझं पोट विसरला असता."

"तुम्ही द्याल?" तिने विचारलं.

"मी नाही तर कोण येणार? सगळ्यांनी तर हात वर केलेत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "नवऱ्याची सही लागते. काय झालं होतं हे ज्याला ठाऊक नाही त्याची सही मी घेणार नाही. आणि ते तू सांगायचंस. या बाईंनी नव्हे."

  मॅजेस्टिकला उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही याल घरी? बोलू नका, नुसत्या बसा."

रणजीत नुकताच हॉटेलातून येऊन जेवायला बसला होता. सकवारबाई त्याला वाढत होती. रक्षिताने चपलाही काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभं राहून सांगून टाकलं. दूध, तूप, मोरीचं दार, आण, मान डोलावणं, सगळं. मध्ये थांबली असती तर पुढे सांगता आलं नसतं, असं ती मला नंतर म्हणाली.

सकवारबाईने वाढणं थांबवलं नाही. "दिलं मी. लपवायचं काय त्यात? माझ्या आईने मला दिलं, मी तीन पोरं काढली. दूध कधी कुणाला मारतं का? उलट त्या तुपामुळेच वाचलीस तू."

"आई, आण खोटी घेतलीस."

"देवी माझी आहे. माझं मी बघून घेईन."

रणजीतने ताटातला हात वर घेतला नव्हता. तो सासूला म्हणाला, "मी काजळी घेऊन निघालो तेव्हा तुम्ही दारात होता."

"होते."

"मला फडकं दिलंत. म्हणालात, हात पुसायला असू दे."

सकवारबाई आता थांबली. पळी हातात तशीच.

मग तो बायकोकडे वळला. "आणि मी दवाखान्यात येऊन तुला सांगितलं. तू हसलीस."

"हसले नाही. डोळे मिटले."

"मला वाटलं, हसलीस," रणजीत म्हणाला. ताट सरकवून उठला, नळाखाली हात धुतले, नखं कितीतरी वेळ घासली, आणि बाहेर गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या माणसाचं ओरडणं गल्लीला सवयीचं होतं. गप्प बसणं घरातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस तो घरी झोपायला यायचा, मुलीशी बोलायचा, बायकोशी कामापुरतं. सही करणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला म्हणाली, "ते आले नाहीत तर मी त्यांना दोष देणार नाही. मी त्यांना चार वर्षं खोट्या गोष्टीवर उभं केलं." मी म्हटलं, गोष्ट गेली चुलीत, तुझा जीव जाईल त्याचं काय? 

हॉटेलात मात्र मी स्वतः पाहिलं. लाकडाच्या वखारीतला एकजण पानाच्या दोन्नेत, म्हणजे द्रोणात, बिर्याणी घेता घेता म्हणाला, "अण्णा, खूप दिवसांत काजळी झाली नाही." रणजीतने त्याच्या दोन्नेत आणखी एक मटणाचा तुकडा टाकला.

"खा."

"सांगा की अण्णा, स्वल्प."

"खा म्हटलं ना."

ठरल्या दिवशी आम्ही यशवंतपूरला, डॉक्टरांच्याच इस्पितळात होतो. रक्षिता आदल्या दिवसापासून तिथेच दाखल. सकाळी सकवारबाई आली. हातात पेला नव्हता. लेकीच्या कपाळाला अंगारा लावला, काहीबाही पुटपुटली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. नर्सने रक्षिताला हिरवा झगा घातला. रणजीतचा पत्ता नव्हता.

डॉक्टर बिंदुमाधव वऱ्हांड्यात आले. "नवरा?"

मी काही बोलणार एवढ्यात जिन्यावर रणजीत दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापलेले, आणि दोन्ही हातांत कापडाने बांधलेला मोठा डबा. वऱ्हांडाभर मसाल्याचा वास पसरला. तो डॉक्टरांपुढे येऊन उभा राहिला आणि डबा पुढे केला.

"हे काय?"

"बिर्याणी. मटणाची. माझ्या हातची आहे."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही हो."

एक नर्स फस्सकन हसली. रणजीतचे कान लाल झाले. जे त्याला उत्तम येत होतं ते तो घेऊन आला होता आणि तेच नेमकं चालणारं नव्हतं. डबा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी तो त्याने बाकाखाली सरकवला. सही केली, कानडीत, पूर्ण नावाने. आणि मग एकदम हात जोडायला दोन्ही हात उचलले.

डॉक्टरांचा हात झर्रकन आपल्या तोंडावर आला. चष्म्यावर, गालावर, कोपर वर करून. मार चुकवतात तसा.

क्षणभराचंच होतं. लगेच त्यांनी हात खाली घेतला, चष्मा सारखा केला, जणू तेवढ्यासाठीच उचलला होता. पण रणजीतने पाहिलं होतं. त्याचे हात जोडायचे राहिले, तसेच हवेत थांबले, मग हळूहळू खाली आले. चार वर्षं त्याने डॉक्टरचे पांढरे डोळे हॉटेलात करून दाखवले होते. हे त्याला कधी करून दाखवता आलं नसतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि आतून निरोप येईपर्यंत वळला नाही.

आतलं मला रक्षिताने सांगितलं.

टेबलाच्या कडेला तिला बसवलं होतं, पाठ बाहेर काढून, पाय लोंबकळत. हातमोजे घातलेली सगळी माणसं तयार. डॉक्टर समोर आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. सकाळपासून तोंडात काय गेलं?

 गेलं तर होतं. सकाळी अंगारा लावताना सकवारबाईने पळीभर तीर्थ तिच्या ओठांना लावलं होतं आणि सवयीने तिने गिळलं होतं. एवढंसं पाणी. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं, आणि बहुधा बिघडलंही काही नसतं. सांगितलं तर आईची पुन्हा लाज जाणार, स्वतःची तर जाणारच, आणि एवढी माणसं ताटकळणार.

"तीर्थ," ती म्हणाली. "एक पळी. आईने दिलं."

"अय्यो," नर्स म्हणाली.

"पाणीच?"

"तुळशीचं एक पान होतं. तेही गिळलं."

"दूध?"

"नाही."

"नक्की?"

"कुणाची आण घेऊ?"

"आण नको," डॉक्टर म्हणाले. "आण मागच्या वेळीही होती." ते भिंतीला टेकले, हाताची घडी घातली. "थांबू थोडं. घाई काही नाही."

आणि खरोखर थांबले. एका पळीभर तीर्थासाठी सगळी मंडळी हात वर धरून उभी, आणि मध्ये ही, उघड्या पाठीने, खाली मान घालून. कापून घेताना वाटली नाही एवढी लाज तिला त्या थांबण्याची वाटली. पण भीती तेवढ्यात गेली, असं म्हणाली. दोन्ही एका वेळी मावत नसतील.

मग पाठीत सुई गेली. पाय गरम झाले आणि मग आपले राहिले नाहीत. डॉक्टर उशाशी उभे होते, मध्येमध्ये विचारत होते, श्वास नीट येतोय का, मळमळतंय का. तिला आपल्या पोटावरची खेचाखेच कळत होती, दुखणं नव्हतं. घशाशी काही आलं नाही. जिभेवर तुळशीची चव होती. पोर रडल्याचं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. थोरलीचं पहिलं रडणं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी कानात जायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"मग?"

तिला सांगता आलं नाही. त्यांनी कापसाने तिचे कान पुसले आणि पुन्हा विचारलं नाही. माफ केलं, असंही म्हणाले नाहीत. ती म्हणते, त्यांनी तसं म्हटलं असतं तर तिने ते घेतलं नसतं.

दुसरी मुलगीच झाली. रणजीतने तो डबा इस्पितळाच्या फाटकावरच्या रखवालदारांना वाटला आणि रिकामा डबा घेऊन घरी आला. डॉक्टरांशी त्याचं बोलणं तेव्हा झालं नाही, पुढेही झाल्याचं मला माहीत नाही.

रक्षिता हिंडू-फिरू लागल्यावर मी तिला म्हटलं, आमच्या बायकांच्या सभेला ये, चार पोटुश्या बायका असतात, तू सांगितलंस तर ऐकतील. तिने साफ नकार दिला. "सभेत नको अक्का. तिथं मला टाळ्या मिळतील. जिथं ती गोष्ट सांगतात तिथं मी सांगते."

आणि सांगितली. लाकडाच्या वखारीतलाच तो माणूस, पुन्हा तेच म्हणाला, अण्णा, काजळी. रणजीत डेगचीत बघत राहिला. मागच्या दारी कांदे निवडत बसलेली रक्षिता उठली. या वेळी घरी गेली नाही. तान्ही खांद्यावर टाकून पुढे आली, बायका सहसा येत नाहीत तिथं, बाकांच्या मध्ये.

"थांबा, मी सांगते," म्हणाली.

तिने पेल्यापासून सुरुवात केली. बोटाने तूप चाटलं तेही सोडलं नाही. वऱ्हांड्यात डॉक्टरांच्या तोंडावर हात आला, जे तिला माझ्याकडून कळलं होतं, तेही सांगितलं, तेव्हा रणजीतने डेगचीवर झाकण ठेवलं. माणसं आपापल्या दोन्नेत बघायला लागली. एकजण म्हणाला, "जाऊ दे वहिनी. जुनं झालं ते."

"तुम्हीच मागितलंत की," ती म्हणाली.

सकवारबाईला हे कळलं तेव्हा तिने महिनाभर लेकीच्या घरी पाऊल टाकलं नाही. पेला तिच्याकडेच आहे. गल्लीत कुणाचे दिवस भरत आले आणि सकवारबाई तिकडे निघाली की रक्षिताही मागोमाग जाते, आईशी न बोलता, आणि त्या घरात जाऊन तीच गोष्ट सांगते. काही बायका ऐकतात. काही म्हणतात, आईची बदनामी करते मेली. तिच्या कानांच्या पाळ्या प्रत्येक वेळी तशाच लाल होतात. सवय झाली असेल, असं मी एकदा म्हणून गेले. ती म्हणाली, सवय झाली तर सांगणं बंद करेन.